अश्वगंधेचा ताकद, दम, एकाग्रता आणि रिकव्हरीवर परिणाम होतो का, हे गटात तपासायचं कसं?

टेकडीकर

नमस्कार मंडळी.

आमचा १४ जणांचा गट आहे, वयं २४ ते ४७. आठवड्यातून तीन दिवस टेकडी किंवा ट्रॅकवर पळणं, दोन दिवस जिममध्ये वजनं. अश्वगंधेवरून गटात दोन तट पडले आहेत. एकांचं म्हणणं, ताकद, दम, झोप, डोकं सगळ्यालाच फायदा होतो. दुसऱ्यांच्या मते हा सगळा जाहिरातींचा प्रताप. शेवटी ठरलं की घ्यायचीच तर नीट तपासून घ्यायची.

सध्याचा आराखडा असा: सगळ्यांनी आठ आठवडे सकाळ-संध्याकाळ ३०० मिग्रॅ अर्काची एकेक कॅप्सूल घ्यायची. सुरुवातीला आणि शेवटी १२ मिनिटांची कूपर टेस्ट (तेवढ्या वेळात किती अंतर पळता येतं ते मोजणारी), बेंच प्रेसचं जास्तीत जास्त वजन, मोबाईलवर स्मरणशक्तीचा एक गेम, आणि एक जोरदार स्क्वॉटचं सत्र करून पुढचे तीन दिवस पाय किती दुखतात त्याची नोंद. झोपेचे आकडे घड्याळातून.

प्रश्न असे आहेत. आधी आणि नंतर एवढी तुलना पुरेल का? काही जणांना कॅप्सूलऐवजी दुधातून चूर्ण घ्यायचं आहे, ते चालेल का? यातल्या कोणत्या चाचण्या कामाच्या आणि कोणत्या निरुपयोगी? रक्ततपासणी करावी का? शिवाय मैदानावरच्या कबड्डीच्या पोरांनाही यात यायचं आहे, त्यांची वयं १६-१७ आहेत.

सरासरी

आधी-नंतरची तुलना पुरणार नाही. याचा सर्वांत स्पष्ट दाखला अश्वगंधेच्याच एका गाजलेल्या अभ्यासात आहे. २०१५ साली ५७ पुरुषांवर आठ आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मात्रा तुमचीच, ३०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, आणि सगळे वजनं उचलण्यात नवखे. औषध घेणाऱ्यांचं बेंच प्रेसचं कमाल वजन सरासरी ४६ किलोंनी वाढलं. हा आकडा सगळीकडे फिरतो. पण स्टार्चची कोरी कॅप्सूल घेणाऱ्या गटाचंही २६.४ किलोंनी वाढलं, हे फार कमी ठिकाणी सांगितलं जातं. तुलनेला तो गट नसता, तर स्टार्चनं २६ किलो ताकद वाढते असा निष्कर्ष निघाला असता. तुमच्या आराखड्यात नेमका तोच गट नाही.

१४ जण कमी आहेत, पण वाया जाणारे नाहीत. ७ विरुद्ध ७ अशी सरळ विभागणी केली, तर माणसामाणसांतल्या फरकाच्या, म्हणजे प्रमाण विचलनाच्या साधारण दीडपटीहून मोठा परिणाम असेल तरच तो भरवशानं दिसेल. इतका मोठा परिणाम कोणत्याही पूरकाकडून अपेक्षू नये. अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा परिणाम पकडायला प्रत्येक गटात सुमारे ६४ माणसं लागतात. म्हणून तुमच्यासारख्या छोट्या गटानं अदलाबदलीचा प्रयोग करावा: निम्मे आधी औषध मग कोरी, निम्मे आधी कोरी मग औषध. प्रत्येकाची तुलना स्वतःशीच होते, त्यामुळे माणसामाणसांतला फरक हिशेबातून निघून जातो.

वाटणी अशी करा. सुरुवातीच्या कूपर टेस्टच्या अंतरानुसार उतरत्या क्रमानं नावं लावा आणि वरून दोन-दोनच्या सात जोड्या पाडा. प्रत्येक जोडीत नाणं उडवून एकाला ‘आधी औषध’, दुसऱ्याला ‘आधी कोरी’. एक्सेलमध्ये करणार असाल तर यादृच्छिक आकडे आले की लगेच ‘व्हॅल्यू’ म्हणून चिकटवा. नाहीतर फाईल उघडली की यादी बदलते आणि मूळ वाटणी कुणालाच सापडत नाही.

आठ आठवडे पहिला टप्पा, चार आठवडे खंड, आठ आठवडे दुसरा टप्पा. टप्पे छोटे करू नका. कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) आणि ताणावरचा जो प्रयोग २०१२ साली झाला तोही ६० दिवसांचा होता, ताकदीचे आठ ते बारा आठवड्यांचे आहेत. दर आठवड्याला औषध-कोरी-औषध असं करणाऱ्यांना काहीच दिसत नाही, ते याच कारणानं.

अदलाबदलीची एक मोठी अडचण मात्र आधीच समजून घ्या. पहिल्या टप्प्यात औषधामुळे खरोखर ताकद वाढली, तर ती चार आठवड्यांच्या खंडात उतरत नाही, कारण व्यायाम चालूच असतो. ती दुसऱ्या टप्प्यात कोऱ्या कॅप्सूलच्या खात्यात जमा होते आणि औषधाचा परिणाम दिसतो त्याहून कमी भासतो. म्हणून ताकद आणि दम यांचा निर्णय फक्त पहिल्या टप्प्यावर करा, ७ विरुद्ध ७, आणि तिथे फक्त मोठाच परिणाम दिसेल हे मान्य करून करा. झोप, दुखरेपणा, प्रतिसादाचा वेग या गोष्टी औषध थांबल्यावर पूर्वपदावर येणाऱ्या आहेत. अदलाबदल त्यांच्यासाठी.

आता सर्वांत महत्त्वाचं. औषधाला हात लावण्याआधी तुमच्या चाचण्यांचीच परीक्षा घ्या. आठवड्याच्या अंतरानं दोनदा कूपर टेस्ट घ्या, प्रत्येकाच्या दोन अंतरांची वजाबाकी करा, त्या १४ वजाबाक्यांचं प्रमाण विचलन काढा आणि १.४१ ने भागा. ही त्या चाचणीची स्वाभाविक चूक. समजा वजाबाक्यांचं विचलन ८५ मीटर आलं, तर चूक ६० मीटर. मग एखाद्या माणसाचं अंतर सुमारे १६५ मीटरपेक्षा जास्त वाढलं, तरच तो बदल खरा मानायचा. १०० मीटर वाढले म्हणून पेढे वाटायचे नाहीत. ज्या चाचणीची चूक अपेक्षित परिणामापेक्षा मोठी, ती एक तर टाकून द्या, नाहीतर वारंवार घेऊन सरासरी धरा.

खलबत्ता

औषध आणि कॅप्सूल यांबद्दल लिहितो, कारण बहुतेक घरगुती प्रयोग इथेच फसतात.

अश्वगंधा या नावाखाली निदान तीन वेगळे माल विकले जातात. मुळाचं चूर्ण, नुसत्या मुळाचा अर्क, आणि मूळ व पान मिळून काढलेला अर्क. विथेनोलाइडं म्हणजे अश्वगंधेतली मुख्य क्रियाशील द्रव्यं; केएसएम-६६ हा बाजारातला मुळाचा अर्क, त्यात ती ५ टक्के. सेन्सोरिल मूळ-पानांचा, १० टक्के विथेनोलाइड ग्लायकोसाइडं. शोडेनवर ३५ टक्के लिहिलेलं असतं. आकडा मोठा म्हणजे माल चांगला, असं नाही. मोजण्याची पद्धत काय, हे विचारा. एचपीएलसीनं (द्रव्यं वेगवेगळी करून मोजणाऱ्या यंत्रानं) मोजलेले ५ टक्के आणि वजनी पद्धतीनं मोजलेले ५ टक्के एक नव्हेत, वजनी पद्धतीत आकडा फुगतो. ३०० मिग्रॅच्या ५ टक्के अर्कात १५ मिग्रॅ विथेनोलाइडं येतात. मुळाच्या चूर्णात त्यांचं प्रमाण एक टक्क्याच्याही आत असतं.

पान स्वस्त पडतं आणि त्यात विथाफेरिन-ए हे एक विथेनोलाइड जास्त असतं, म्हणून मुळाच्या नावाखाली पान मिसळण्याचा मोह असतो. आयुष मंत्रालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्पादकांना पानांचा वापर टाळण्याची सूचना दिली होती. विक्रेत्याकडून बॅच क्रमांकासह विश्लेषण प्रमाणपत्र मागा. त्यात वनस्पतीचा भाग, विथेनोलाइड, विथाफेरिन-ए आणि जड धातू हवेतच. आयुर्वेदिक मालासाठी मर्यादा अशा: शिसं १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. प्रमाणपत्र द्यायला का कू करणाऱ्याकडून घेऊ नका. आणि संपूर्ण प्रयोगाचा माल एकाच बॅचचा, एकदमच घ्या.

कॅप्सूल. तयार कॅप्सूल तशीच वापरली तर कोरी तिच्यासारखी बनवता येत नाही. अर्काची पावडर घेऊन स्वतः भरणं सोपं. शून्य नंबरची, पूर्ण अपारदर्शक, पांढरी किंवा तपकिरी एचपीएमसीची (वनस्पतीजन्य) टोपणं घ्या. तिच्यात सुमारे ०.६८ मिली मावतं, म्हणजे ३०० मिग्रॅ अर्क आणि वर मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज (औषधी परिणाम नसलेला भराव) सहज बसतं. कोऱ्या कॅप्सूलमध्ये नुसतं सेल्युलोज. भाजलेलं बेसन, साखर, दूध पावडर यातलं काही भरू नका. मिठाईच्या दुकानातला ०.१ ग्रॅमचा काटा इथे चालत नाही. सोनाराच्या प्रकारचा ०.०१ ग्रॅमचा काटा हवा, आणि एकेक कॅप्सूल तोलण्यापेक्षा दहा-दहाच्या गटाचं वजन तपासा. दोन्ही प्रकारच्या दहांचं वजन जवळपास सारखं आलं पाहिजे. अर्क आणि सेल्युलोजची घनता वेगळी असल्यानं पहिल्या घाण्यात ते येत नाही, भराव कमी-जास्त करून जुळवावं लागतं.

भरताना पावसाळा सोडा, किंवा कोरड्या खोलीत भरा. अर्क ओल पटकन धरतो, गुठळ्या होतात, मग एका कॅप्सूलमध्ये २०० आणि दुसरीत ४०० मिग्रॅ जातं. डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा.

वास हा खरा घात करणारा. अश्वगंधेला घोड्यासारखा उग्र वास असतो, नावच त्यावरून पडलं आहे. बाटली उघडली की माणूस ओळखतो. उपाय सोपा आहे: कोऱ्या कॅप्सूलच्या डबीतही तळाशी अश्वगंधेच्या चूर्णाची शिवलेली मलमलची पुरचुंडी ठेवा. दोन आठवड्यांत दोन्ही डब्यांना एकच वास लागतो. ढेकर येऊन कळू नये म्हणून कॅप्सूल जेवणाच्या मध्यावर घ्यायची, रिकाम्या पोटी नाही.

कोणाला काय मिळालं याची यादी गटाबाहेरच्या एकाच माणसाकडे, बंद पाकिटात. तो वेळ मोजणारा किंवा नोंदी घेणारा नसावा. आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांना लेखी विचारा: तुम्हाला काय मिळत होतं असं वाटतं, आणि किती खात्री आहे? चौदापैकी बारा जणांनी बरोबर ओळखलं, तर ‘मला उत्साही वाटलं’ प्रकारच्या सगळ्या उत्तरांची किंमत शून्य.

अनुपान

खलबत्ता यांच्याशी अर्कापुरता सहमत आहे, पण चूर्णाचा विषय एका ओळीत संपत नाही. आयुर्वेदात मात्रा चूर्णाची सांगितली आहे, ३ ते ६ ग्रॅम, दुधातून किंवा तुपातून. ६०० मिग्रॅ अर्कावरच्या प्रयोगातून चूर्णाबद्दल ना बाजूनं काही सांगता येतं ना विरुद्ध. तरी ज्यांना दुधातून चूर्ण घ्यायचं आहे त्यांना गटात घेऊ नका, असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण वेगळं आहे. ५ ग्रॅम चूर्णासारखीच चव आणि पोत असलेलं खोटं चूर्ण बनवणं जवळपास अशक्य. शिवाय रोज रात्री एक पेला दूध नव्यानं सुरू झालं की त्यातली प्रथिनं आणि उष्मांकच हिशेब बिघडवतात. त्या मंडळींनी आधी चार आठवडे नुसतं दूध घेऊन बघावं, मग त्यात चूर्ण घालावं.

पचन मंद असलेल्यांना चूर्णानं जडपणा आणि पातळ शौचाचा त्रास होतो. तो अर्कानंही होतो, फक्त कमी. अशा माणसाला कॅप्सूल कोणती हे दोन दिवसांत कळतं. पोटाच्या तक्रारींची नोंद रोज ठेवा.

दंडबैठक

चाचण्यांबद्दल. तुमच्या यादीत एक चाचणी अशी आहे की ती तुम्हाला हमखास चुकीचं उत्तर देईल: जोरदार स्क्वॉटचं सत्र आणि नंतरचा दुखरेपणा.

स्नायूला एकदा अशा माराची ओळख झाली की पुढच्या वेळी तोच मार कमी लागतो. हे संरक्षण काही आठवडे, कधी काही महिनेही टिकतं. पहिल्या सत्रानंतर जिना उतरता येत नाही, आठ आठवड्यांनी तेच सत्र केलं तर पाय जेमतेम बोलतात. मध्ये काहीही खाल्लं नसलं तरी. आधी-नंतर आराखड्यात याचं सगळं श्रेय अश्वगंधेला जाईल. ‘मग आधी डावा पाय, नंतर उजवा पाय’ ही पळवाटही अर्धवटच, कारण एका पायाला मिळालेलं संरक्षण थोडंफार दुसऱ्यालाही मिळतं.

त्यापेक्षा मुद्दाम मार देऊ नका. नेहमीच्या जिमच्या दिवसानंतर २४ आणि ४८ तासांनी, खुर्चीतून हात न लावता पाच वेळा उठताना मांड्या किती दुखतात याला ० ते १० गुण द्या. दोन टप्प्यांत वजन, सेट, फेऱ्या सारख्या असू द्या. आठ आठवड्यांत एका माणसाचे बत्तीसेक आकडे मिळतात आणि त्यांची सरासरी एका नाट्यमय सत्रापेक्षा कितीतरी भरवशाची असते. क्रिएटिन कायनेज (स्नायूंना मार बसला की रक्तात वाढणारं द्रव्य) तपासायचा मोह टाळा. माणसामाणसांत त्याचा फरक प्रचंड, आणि रक्त २४ तासांनी काढलं की ७२ तासांनी यावर आकडा वाटेल तसा फिरतो.

ताकदीसाठी एकाच फेरीचं कमाल वजन नको. नवख्याला त्यात तंत्र सुधारल्याचंच मोजमाप मिळतं, आणि खांद्याला धोका वेगळा. ज्या वजनावर तीन ते सहा फेऱ्या होतात तिथे थांबा आणि एप्लीचं सूत्र लावा: वजन × (१ + फेऱ्या ÷ ३०). ६० किलोच्या ५ फेऱ्या म्हणजे ७० किलो. बार छातीला टेकलाच पाहिजे, कंबर बाकावरून उचलली की फेरी बाद. मोजणारा माणूस दोन्ही वेळी एकच. प्रयोग सुरू होण्याआधी निदान सहा आठवडे सगळ्यांनी हाच व्यायाम केलेला असावा. पहिल्या काही आठवड्यांची वाढ मज्जासंस्थेच्या सरावाची असते, ती औषधाच्या टप्प्यात येऊ देऊ नका.

कूपर टेस्ट ठेवा. त्यातून दम, म्हणजे व्हीओ२ मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं ते) काढायला (मीटर − ५०४.९) ÷ ४४.७३ हे सूत्र. २४०० मीटरला ४२.४ येतात आणि दर १०० मीटरला सुमारे २.२ वाढतात. पण ती जिवाच्या आकांतानं पळायची चाचणी आहे, मन लावलं नाही तर आकडा खोटा. त्यामुळे दर आठवड्याला हलकी चाचणीही घ्या: ट्रेडमिलवर एक टक्का चढ, ठरलेला वेग, उदाहरणार्थ ताशी ८ किमी, सहा मिनिटं. शेवटच्या मिनिटाची सरासरी हृदयगती लिहा, छातीच्या पट्ट्यानं. मनगटावरच्या घड्याळाचा आकडा पळताना भरकटतो. या चाचणीत मनाला वावच नाही आणि हातात दर आठवड्याला एक बिंदू येतो.

हवामानाकडे दुर्लक्ष करू नका. २० आठवड्यांचा प्रयोग मार्चमध्ये सुरू केला तर पहिला टप्पा एप्रिल-मेच्या उकाड्यात संपतो आणि दुसरा पावसाळ्यात. तापमान आणि आर्द्रतेनं हृदयगतीत पडणारा फरक अश्वगंधेच्या कल्पनीय परिणामाहून मोठा असतो. निम्मे-निम्मे उलट क्रमानं असल्यानं गटाच्या सरासरीत हा फरक कटतो, पण एकेका माणसाच्या आकड्यावरून काही बोलता येत नाही. पंख्याखालच्या ट्रेडमिलनं यातला बराचसा त्रास वाचतो. चाचणीच्या आधीचे ४८ तास जड व्यायाम नाही, आदल्या रात्री उपास किंवा जागरण नाही, आणि चहा रोजच्याच वेळी, रोजच्याइतकाच. श्रावणातले उपास आणि गणपतीचे दहा दिवस दिनदर्शिकेवर आधीच खुणा करून चाचण्यांपासून दूर ठेवा.

क्षणार्ध

मोबाईलवरचा स्मरणशक्तीचा गेम सोडून द्या. अशा गेममध्ये पहिल्या काही खेपांत जी झेप दिसते ती खेळ शिकल्याची असते. एन-बॅकचंही (काही पावलं मागे आलेली खूण आठवायची चाचणी) तेच: निदान पाच-सहा खेपा सरावाच्या म्हणून फेकून दिल्याशिवाय आकडा स्थिरावत नाही.

सावधपणा मोजायला पीव्हीटी, म्हणजे सायकोमोटर व्हिजिलन्स टेस्ट घ्या. पडद्यावर अनियमित अंतरानं खूण येते, दिसताक्षणी कळ दाबायची, एवढंच. त्यात शिकण्यासारखं काही नसल्यानं सरावाचा फायदा फारच थोडा. मूळ चाचणी १० मिनिटांची आहे, तीन मिनिटांची आवृत्ती तुम्हाला पुरेल. १० मिनिटांच्या चाचणीत ५०० मिलिसेकंदांपेक्षा उशीर झाला तर ती चूक धरतात, तीन मिनिटांच्या आवृत्तीत ३५५. सरासरी वेळेपेक्षा वेळेच्या व्यस्ताची, म्हणजे १ ÷ सेकंदांची सरासरी काढा, कारण एक-दोन डुलक्यांनी साधी सरासरी वाहून जाते. पेबल नावाच्या मोफत संगणक प्रणालीत पीव्हीटी, एन-बॅक आणि अशा इतर चाचण्या तयार मिळतात.

यंत्र बदलू नका. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनीच चित्र बदलतो, त्यात टचस्क्रीन किंवा ब्लूटूथ माउसचा उशीर मिळवा. तुम्ही शोधत असलेला फरकच १०-२० मिलिसेकंदांचा आहे. तारेचा कीबोर्ड, तोच लॅपटॉप, उठल्यावर ठरलेल्या वेळेनं, चहाच्या आधी. कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. आठवड्यातून तीन सकाळी, फक्त प्रत्येक टप्प्याच्या शेवटच्या तीन आठवड्यांत.

अपेक्षा बेताची ठेवा. हैदराबादच्या निम्स (निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस) या संस्थेत २० निरोगी पुरुषांवर १४ दिवसांचा अदलाबदलीचा प्रयोग झाला, त्यात प्रतिसादाचा वेग सुधारलेला दिसला. पण स्मरणशक्तीचा जो प्रयोग जाहिरातींत येतो, २०१७ सालचा, ५० जणांचा, तो सौम्य स्मृतिदोष असलेल्यांवरचा आहे. तिशीतल्या धडधाकट माणसाला तो लागू करता येत नाही.

ओपीडी_नऊ_ते_एक

कबड्डीच्या मुलांना यात घेऊ नका. १८ वर्षांखालच्या मुलांवर औषधाचा प्रयोग हा नैतिक समितीच्या परवानगीशिवाय, पालकांच्या लेखी संमतीशिवाय करायचाच नाही. प्रशिक्षकानं सांगितलं म्हणून पोरं ‘हो’ म्हणतात, त्याला संमती म्हणत नाहीत. तुम्ही सज्ञान मित्र आपापल्या जबाबदारीवर करता ते ठीक. पण हे संशोधन म्हणून कुठे मांडायचं असेल, तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नैतिक समिती आणि सीटीआरआय या वैद्यकीय प्रयोगांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी, दोन्ही पहिला माणूस घेण्याआधी हवं.

कोणी घेऊ नये: गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या, यकृताचा आजार असलेले, थायरॉईड वाढलेले, स्वप्रतिकार आजाराचे रुग्ण, झोपेच्या गोळ्या घेणारे. थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील तरी नको. थायरॉईड किंचित मंद असलेल्यांवरच्या आठ आठवड्यांच्या प्रयोगात अश्वगंधेनं थायरॉईड संप्रेरकं वाढवली होती. आधीच गोळ्या घेणाऱ्याचं माप त्यानं बिघडू शकतं. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्यांवर असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर दोन आठवडे आधी बंद.

यकृत. अश्वगंधेनं यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतल्या पाच रुग्णांची एकत्र नोंद प्रसिद्ध झाली, आणि डेन्मार्कनं २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली. प्रमाण विरळ आहे, बहुतेक जण थांबवल्यावर बरे होतात. पण दुखणं सहसा सुरू केल्यापासून २ ते १२ आठवड्यांत उगवतं, म्हणजे नेमकं तुमच्या प्रयोगाच्या काळात. अंगाला खाज, डोळे पिवळे, लघवी गडद, मळमळ, उजव्या बरगडीखाली दुखणं यांपैकी काहीही झालं तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद आणि दवाखान्यात. त्या माणसाचं पाकीट लगेच फोडायचं, प्रयोगाची पर्वा करायची नाही. पाकिटं ज्याच्याकडे आहेत त्याचा फोन रात्रीही लागला पाहिजे.

रक्त सुरुवातीला, आणि प्रत्येक टप्प्याच्या चौथ्या व आठव्या आठवड्यात: एसजीपीटी, एसजीओटी, जीजीटी, बिलिरुबिन या यकृताच्या तपासण्या. टीएसएच (थायरॉईडची तपासणी) सुरुवातीला आणि टप्प्याच्या शेवटी. इथे व्यायाम करणाऱ्यांची एक गफलत नेहमी होते. जोरदार वजनं उचलल्यावर एसजीओटी आणि एसजीपीटी स्नायूंतूनच वाढतात, सवय नसलेल्यात तर आठवडाभरही वाढलेले राहतात. रविवारी पाय मारले, सोमवारी रक्त दिलं, मंगळवारी घरात घबराट. पाच ते सात दिवस जड व्यायाम टाळून रक्त द्या. तरीही वाढलं असेल तर जीजीटी आणि बिलिरुबिन बघा. ते व्यायामानं सहसा वाढत नाहीत, त्यामुळे ते वाढले असतील तर यकृताचा विचार आधी करायचा. एसजीपीटी मर्यादेच्या तिपटीवर गेलं की चर्चा न करता बंद.

कोणी स्पर्धेत उतरत असेल तर: अश्वगंधा वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) निषिद्ध यादीत नाही. पण ‘टेस्टो बूस्टर’ छापाच्या मिश्रणांत इतर काय असेल याची हमी कोणी देत नाही, आणि नमुन्यात काही सापडलं तर जबाबदारी खेळाडूचीच असते.

टेकडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आराखडा बदलला. कबड्डीची मुलं बाहेर, दुधातून चूर्ण घेणारे दोघे बाहेर, म्हणजे १२ जण उरले, सहा जोड्या. एकीला थायरॉईडची गोळी आहे, ती नोंदी ठेवेल. म्हणजे प्रत्यक्षात ११, आणि बारावा शोधतोय. स्क्वॉटचं सत्र आणि गेम काढून टाकले.

दोन गोष्टी अजून अडतात. अश्वगंधेनं झोप सुधारते म्हणतात. मग सकाळचा पीव्हीटी सुधारला तर श्रेय अश्वगंधेला द्यायचं की झोपेला? आणि सहाच जोड्यांवर हिशेब कसा करायचा?

सरासरी

झोपेच्या प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात परिणाम छोटा पण खरा दिसतो, आणि तो निद्रानाश असलेल्यांत, दिवसाला ६०० मिग्रॅ किंवा जास्त मात्रेत, आठ किंवा जास्त आठवड्यांत जास्त. तेव्हा शंका रास्त आहे. पण ‘झोपेचा परिणाम वजा करून’ उरलेलं बघायच्या फंदात पडू नका. झोप हा औषधानं बदलणारा घटक असेल, तर तो वजा केला की औषधाचाच परिणाम वजा होतो. पीव्हीटी सुधारला की नाही एवढंच ठरवा. झोप शेजारच्या रकान्यात वेगळी मांडा, आणि तीही घड्याळाच्या ‘स्कोअर’वरून नाही: पडल्याची वेळ, उठल्याची वेळ, मध्ये किती वेळा जाग आली. घड्याळाचं गाढ झोपेचं गणित अपडेट आलं की बदलतं.

सहा जोड्यांचा हिशेब कागदावर होतो. प्रत्येकाचा पहिल्या टप्प्याचा आकडा वजा दुसऱ्या टप्प्याचा आकडा. मग जोडीतल्या ‘आधी औषध’वाल्याच्या उत्तरातून ‘आधी कोरी’वाल्याचं उत्तर वजा करा आणि दोनानं भागा. ऋतू, सराव, सण यांचा वाटा यात कटतो आणि त्या जोडीपुरता औषधाचा परिणाम उरतो. अशी सहा उत्तरं, त्यांची सरासरी. आता प्रत्येक उत्तराचं चिन्ह उलटं-सुलटं करून होणाऱ्या सगळ्या ६४ शक्यतांच्या सरासऱ्या काढा आणि तुमची खरी सरासरी त्यांत कुठे बसते ते बघा. सहाही जोड्या एकाच दिशेनं गेल्या, तर नुसत्या योगायोगानं तसं होण्याची शक्यता ६४ मध्ये २. पाचच गेल्या आणि सहावी बरीच उलट, तर तुमच्याकडे पुरावा नाही, कल आहे. जोडी अर्धवट सुटली तर ती पूर्ण बाद करावी लागते. म्हणून बारावा माणूस मिळेपर्यंत नाणं उडवू नका.

कॅप्सूल भरण्याआधी एका पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या: मुख्य मापन एकच कोणतं, ते कोणत्या तारखांना घेणार, कोणाचे आकडे कधी बाद धरणार, किती डोस चुकले तर तो माणूस हिशेबात नाही. माझं मत विचाराल तर मुख्य मापन ४८ तासांचा दुखरेपणा ठेवा. आकडे भरपूर मिळतात, चूक छोटी असते आणि औषध थांबल्यावर तो पूर्वपदावर येतो. बाकीची सगळी मापनं दुय्यम. दहा गोष्टी मोजल्या की त्यातली एखादी योगायोगानं चमकतेच, आणि मग तीच व्हॉट्सअॅपवर फिरते.

खलबत्ता

डोस चुकल्याची नोंद विचारून ठेवू नका, मोजून ठेवा. प्रत्येक डबीत १४ दिवसांच्या २८ ऐवजी ३२ कॅप्सूल द्या आणि डबी परत घेताना उरलेल्या मोजा. चार उरल्या तर ठीक, शून्य उरल्या तर कोणीतरी परत देण्याआधी डबी रिकामी केली आहे.